एक्केचाळीस नापास

त्या घरातला फोन वाजला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "निरीक्षकसाहेब आहेत का?" सासरे वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली होती, पण गल्लीने काही त्यांना निवृत्त होऊ दिलं नव्हतं. कुणाला अर्ज भरायचा असो, कुणाला दुकानातल्या नव्या काट्याबद्दल शंका असो, नाहीतर कुणाला नुसताच वेळ घालवायचा असो, फोन त्यांनाच यायचा. मग सासरे खुर्चीत सावरून बसायचे, रिसीव्हर कानाला लावायचे आणि म्हणायचे, "बोलतोय." हा एक शब्द ते अशा काही थाटात उच्चारायचे की पलीकडचा माणूस आपोआप उठून उभा राहत असावा, अशी त्यांच्या सुनेची खात्री होती.

सुनेला मात्र कुणी साहेब म्हणत नव्हतं. घरात ती सूनबाई आणि ऑफिसात मोजणीबाई. हे दुसरं नाव तिला सोळा वर्षांपूर्वी चेष्टेत पडलं, पण तिला ते मनापासून आवडायचं, कारण ती खरोखरच दिवसभर मोजायची. काय मोजायची हे सांगायला लागलं की समोरचा जांभई देतो, हा तिचा नेहमीचा अनुभव. तरी सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तिची कंपनी डीबगर बनवायची. एखाद्या यंत्राच्या चिपवर प्रोग्राम चालत असतो. तो मध्येच थांबवायचा, त्याच्या पोटात डोकावायचं, कुठल्या खणात काय ठेवलंय ते बघायचं आणि वाटलं तर बदलायचं, हे ज्याने करता येतं ते साधन म्हणजे डीबगर. आता खणात हात घालायचा तर खण केवढा आहे हे आधी कळायला हवं. कुठला एका बाइटचा, कुठला दोनाचा, कुठला चाराचा. आणि काही खणांत वस्तू नसतेच मुळी, दुसऱ्या एखाद्या खणाचा पत्ता तेवढा लिहिलेला असतो. त्याला म्हणायचं पॉइंटर. हा पत्त्याचा खणही एका चिपवर चार बाइटचा, तर दुसरीकडे आठाचा. डीबगरला हे सगळे आकार बरोबर कळतात की नाही, ते तपासायचं काम मोजणीबाईचं. तिने त्यासाठी तीनशे बारा टेस्ट लिहिल्या होत्या. पद्धत अगदी साधी. चालत्या प्रोग्रामलाच विचारायचं, काय रे, तुझा हा खण केवढा? मग तोच प्रश्न डीबगरला विचारायचा. दोघांचं उत्तर जुळलं की पडद्यावर हिरवी ओळ, नाही जुळलं की लाल.

गेली तीन वर्षं सगळ्या ओळी हिरव्या होत्या. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती त्या वरपासून खालपर्यंत बघायची आणि तिला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, नुसतं बरं नाही, चांगला अभिमान वाटायचा. बाकीच्यांच्या कामात रोज काही ना काही मोडायचं, हिच्याकडे सगळं जागच्या जागी.

हा अभिमान कधीकधी जिभेवरही यायचा. दोन महिन्यांपूर्वी एका पंपवाल्याचा फोन आला होता. रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारा पंप असतो ना, तो बनवणाऱ्या कंपनीतला हा इंजिनिअर. पंप अजून दवाखान्यात गेला नव्हता, टेबलावरच तपासणी चालू होती. त्याची तक्रार अशी, की डीबगरमधून गजराचा पॉइंटर शून्य केला की शेजारच्या खणातला थेंबांचा आकडाही शून्य होतो आणि पंप बंद पडतो. त्याने आधी एकदा फोन केला होता, तेव्हा कुणीतरी त्याची बोळवण केली होती. दुसऱ्यांदा तो मोजणीबाईच्या हाती लागला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की आमच्या आकाराच्या टेस्ट तीन वर्षांत एकदाही नापास झालेल्या नाहीत, तेव्हा तुमच्याच प्रोग्राममध्ये बघा. तो बिचारा "बरं मॅडम" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. ती लगेच आपल्या कामाला लागली आणि त्याला विसरूनही गेली.

तर एका सोमवारी नव्या प्रमुखाने तिला केबिनमध्ये बोलावलं. तो येऊन आठ महिने झाले होते. तिच्याहून बारा वर्षांनी लहान, कामाला वाघ आणि बोलायला तुटक. आल्या आल्या त्याने डीबगरचा अर्धा भाग नव्याने लिहून काढला होता आणि डीबगर तिप्पट वेगाने धावायला लागला होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला ऑफिसात मान होता. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं की तिच्या टेस्ट प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं खातात आणि तीन वर्षांत त्यांनी काहीही पकडलेलं नाही. चार म्हणजे चार आणि आठ म्हणजे आठ, यात रोज रोज तपासायचं काय? शुक्रवारच्या बैठकीत त्या काढून टाकायचा निर्णय घेऊ, म्हणाला. ठेवण्यासारखं काही कारण असेल तर तिथे सांगा. आणि टेस्ट गेल्या तर तिने गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला बसावं, तिथे अनुभवी माणूस हवंच आहे.

मोजणीबाई केबिनमधून बाहेर आली ती कानशिलं तापलेलीच. सोळा वर्षं! तीनशे बारा टेस्ट तिने एकेक करून लिहिल्या होत्या, पोटच्या पोरांसारख्या जपल्या होत्या, आणि हा कालचा आलेला मनुष्य म्हणतो की काढून टाका. तिने मनाशी ठरवलं की शुक्रवारी तीन वर्षांचा अख्खा हिरवा तक्ता भिंतीवर लावायचा आणि विचारायचं की दाखवा, दुसऱ्या कुणाचं काम इतकं चोख आहे ते.

बुधवारी संध्याकाळी जेवताना तिने हे सगळं सासऱ्यांना सांगितलं. नवरा कामासाठी बाहेरगावी गेलेला, घरात दोघंच. सासऱ्यांना तिचं काम कधी नीट कळलं नव्हतं, ते त्याला "तिची टकटक" म्हणायचे. पण तपासणी हा शब्द आला की त्यांचे कान टवकारायचे.

"तीन वर्षांत एकही नापास नाही?" त्यांनी विचारलं.

एकही नाही, ती ताठ मानेने म्हणाली.

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, तीस वर्षांच्या नोकरीत असा एकच दुकानदार भेटला होता. बाजारातलं धान्याचं मोठं दुकान. दरवर्षी त्याचा तबकडीचा काटा तंतोतंत बरोबर. माणूस गोड बोलणारा. गेलं की खुर्ची पुढे करायचा, आपली वजनं गल्ल्यावर मांडून ठेवायचा आणि म्हणायचा, साहेब, तुमची जड पेटी कशाला उघडता, ही घ्या ना. पण एका वर्षी सासऱ्यांनी पेटी उघडली. मखमलीच्या खोबणीतलं आपलं पितळी किलोचं वजन काट्यावर ठेवलं, तर तबकडी पार पुढे गेली. मग उलगडा झाला. दुकानदाराने आपली वजनं खालून कानशीने घासून हलकी केली होती, आणि काटा त्याच हलक्या वजनांना जुळवून घेतला होता. वजन म्हणायचं मी किलो, काटा म्हणायचा हो, तू किलो. शिवाय हे सगळं तीनचार वर्षं चाललेलं.

"दोघं एकाच घरचे," सासरे म्हणाले. "ते एकमेकांची साक्ष देणारच. तुझ्याकडे वजनं कुणाची असतात गं?"

तिने हसून सांगितलं की तसं काही नाही, टेस्टचा प्रोग्राम चिपवर चालतो आणि डीबगर टेबलावरच्या कॉम्प्युटरवर, दोघांची घरं वेगळी. सांगून झालं आणि तिचा घास तोंडातच राहिला. ती चिप बसवलेला बोर्ड आपण शेवटचा हातात कधी घेतला होता, ते तिला आठवेना.

गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. टेस्टची मुख्य फाइल उघडली आणि अगदी वर गेली. तिथे चार ओळींची टीप होती. बोर्डची रीसेट वायर सैल झाली आहे, प्रत्येक वेळी तीन तास लागतात, म्हणून टेस्ट तात्पुरत्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरच चालवत आहे, वायर दुरुस्त झाली की परत बोर्डवर नेणे. खाली तारीख, तीन वर्षं दोन महिन्यांपूर्वीची. आणि तारखेपुढे तिचीच आद्याक्षरं.

ती बराच वेळ त्या आद्याक्षरांकडे बघत बसली. दुसऱ्या कुणाची असती तर तिने त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. सगळं हळूहळू आठवत गेलं. तेव्हा एका मोठ्या गिऱ्हाइकाला डीबगर द्यायची घाई होती. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तीन तासांचं काम चाळीस मिनिटांत झालं, सगळे खूश, तीही खूश. वायर पुढच्या आठवड्यात बघू म्हणून बोर्ड कपाटात गेला आणि पुढचा आठवडा काही उजाडला नाही. तेव्हापासून टेस्टचा प्रोग्राम आणि डीबगर एकाच कॉम्प्युटरवर चालत होते. तो म्हणायचा आठ, हा म्हणायचा आठ. तीन वर्षांचा हिरवागार तक्ता म्हणजे त्या धान्यदुकानातला काटा होता, आणि दुकानदार ती स्वतः.

बोर्ड कपाटात जुन्या कीबोर्डांच्या खोक्याखाली सापडला. तिने ब्रशने त्याची धूळ झटकली, भिंगाखाली धरला, सैल वायरीला डाख दिला. अर्ध्या तासाचं काम. तीन वर्षं जे राहिलं ते अर्ध्या तासाचं होतं, याचीच तिला जास्त लाज वाटली. मग बोर्ड जोडला, टेस्ट चालू केल्या आणि ती खुर्चीत हात बांधून बसली.

पहिला तास हिरवा गेला. साधे आकडे, मोठे आकडे, अक्षरं, रकाने, सगळं जुळत होतं. तिला वाटायला लागलं की निभावलं, देव पावला. मग पॉइंटर सुरू झाले. प्रोग्राम म्हणाला चार, डीबगर म्हणाला आठ. लाल. पुढची ओळ, चार आणि आठ. लाल. ती उठून पडद्याजवळ जाऊन उभी राहिली. दुपारपर्यंत तीनशे बारापैकी एक्केचाळीस नापास झाल्या होत्या.

कारण शोधायला तिला फार वेळ लागला नाही, शेवटी मोजणीबाई होती ती. या चिपसाठी प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा जुना कंपायलर पॉइंटरचा आकार लिहूनच देत नाही, तो चिपवरून समजून घ्यायचा असतो. जुना डीबगर तसा समजून घ्यायचा. आठ महिन्यांपूर्वी नव्याने लिहिलेला भाग मात्र, आकार लिहिलेला नसला की, बेलाशक आपल्याच कॉम्प्युटरचा आठ धरून मोकळा व्हायचा. नवे कंपायलर आकार लिहून देतात म्हणून बहुतेक गिऱ्हाइकांना झळ लागली नव्हती.

मग तिने आणखी एक गोष्ट करून पाहिली. चार बाइटचा पॉइंटर घेतला, त्याच्या पुढच्याच खणात सत्त्याहत्तर आकडा ठेवला आणि डीबगरला सांगितलं, पॉइंटर शून्य कर. डीबगरने आठ बाइट शून्य केले. चार पॉइंटरचे आणि चार शेजाऱ्याचे. सत्त्याहत्तराचं शून्य झालं.

गजराचा पॉइंटर शून्य केला की थेंबांचा आकडाही शून्य होतो. तिला तो "बरं मॅडम" शब्दन् शब्द ऐकू आला.

त्या दिवशी घरी जाताना तिच्या मनात एक विचार आला, आणि तो आला नव्हता असं म्हणण्यात अर्थ नाही. उद्या गप्प बसलं तर? प्रमुख टेस्ट काढून टाकणारच आहे. फाइल गेली की टीप गेली, टीप गेली की आद्याक्षरं गेली. पॉइंटरची चूक आपण निराळी, सहज सापडल्यासारखी सांगू शकतो. त्याची चूक आहे, तो मुकाट्याने दुरुस्त करेल. तीन वर्षं मोजणीबाई झोपली होती हे कुणाला कधीही कळणार नाही. फार तर काय, फोन घ्यायला बसावं लागेल. आणि टेस्ट वाचवायच्या म्हटलं तर त्या इतकी वर्षं निकामी होत्या आणि त्या आपणच निकामी केल्या, हे सात माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. एवढं ऐकल्यावर असल्या बाईच्या हातात पुन्हा टेस्ट कोण देईल?

सासऱ्यांनी तिचा चेहरा बघितला आणि टीव्ही बंद केला. तिने सगळं सांगून टाकलं, टीप, वायर, एक्केचाळीस, पंपवाला. सासरे खाली बघून ऐकत होते.

"त्या दुकानाची गोष्ट काल मी तुला पुरती सांगितली नाही," ते म्हणाले. "आदल्या वर्षी त्या काट्यावर शिक्का मारणारा मीच होतो. त्याच्या आदल्या वर्षीही. पेटी जड होती, ऊन होतं, त्याची वजनं समोर मांडलेली होती."

मग काय केलंत, तिने विचारलं.

"अहवालात लिहिलं की वजनं अलीकडेच बदललेली दिसतात. साहेबांनी पाठ थोपटली माझी. लोकांनी चार वर्षं कमी धान्य नेलं घरी, आणि त्यातली दोन वर्षं माझ्या शिक्क्याने. तू लिहून दे, सूनबाई. मी नव्हतं दिलं."

इतक्या वर्षांत सासरे तिच्याशी असं कधी बोलले नव्हते. ती उठली, जेवणाची तयारी करायला लागली आणि भाजी चिरता चिरता तिचं मन ठरून गेलं.

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत सात माणसं बसली होती. भिंतीवर तिचा हिरवा तक्ता नव्हता. प्रमुखाने घड्याळाकडे बघितलं आणि तिला बोलायला सांगितलं.

"या टेस्ट का ठेवाव्यात ते मी सांगणार आहे," ती म्हणाली. "पण आधी दुसरं सांगते. तीन वर्षं या टेस्टनी काहीही तपासलेलं नाही. आणि ते माझ्यामुळे."

तिने टीप पडद्यावर लावली, आद्याक्षरांसकट. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी उगाच वहीत काहीतरी लिहायला लागलं. एकदा तोंड उघडल्यावर आवाज असा खणखणीत लागला की तिचं तिलाच नवल वाटलं. तिने बोर्ड टेबलावर ठेवला आणि एक्केचाळीस लाल ओळी दाखवल्या. प्रमुख पुढे वाकून बघत राहिला आणि म्हणाला की बोर्ड तीन वर्षं कपाटात पडून होता, तोच बिघडला असेल. हे तो म्हणणार, याची तिला खात्री होती. तिने पिशवीतून न फोडलेलं पाकीट काढलं, सगळ्यांसमोर फोडलं आणि आतला कोरा बोर्ड जोडला. पॉइंटरच्या तेवढ्या टेस्ट चालवायला वीस मिनिटं लागली. कुणी खोलीबाहेर गेलं नाही. तेच एक्केचाळीस.

मग तिने कीबोर्ड प्रमुखापुढे सरकवला. शेजारच्या खणात सत्त्याहत्तर आहे, पॉइंटर तुम्हीच शून्य करा, म्हणाली. त्याने टाइप केलं. सत्त्याहत्तराचं शून्य झालं. त्याने पुन्हा सत्त्याहत्तर भरला, पुन्हा करून बघितलं. पुन्हा शून्य. मग त्याने स्वतःचा प्रोग्राम उघडला, खाली खाली गेला आणि एका ओळीवर थांबला. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"ही ओळ माझी आहे," तो म्हणाला.

"ओळ तुमची असेल," मोजणीबाई म्हणाली. "ती त्याच दिवशी पकडायचं काम माझं होतं. माझ्या टेस्ट बोर्डवर असत्या तर आठ महिन्यांपूर्वी पकडली असती. म्हणून त्या ठेवायच्या. आणि बोर्डवरच ठेवायच्या."

यात ती कुठे गयावया करत नव्हती, की तोराही मिरवत नव्हती. एखादा कसबी कारागीर आपल्या हत्याराबद्दल बोलतो तेवढंच. प्रमुखाने बोर्डवर तीन तास लागतील त्याचं काय, असं विचारलं. चार बोर्ड द्या, काम वाटून पाऊण तासात करते, असं तिने सांगितलं. तो सहा देतो म्हणाला. फोनवर बसायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पुढे त्याने जरा अडखळत विचारलं की हे सगळं लेखी कोण करणार, गिऱ्हाइकांना कळवावं लागेल. तिने वहीतला कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. तो तिने सकाळीच लिहून आणला होता, आणि पहिल्या ओळीत चूक आपली असल्याचं लिहिलं होतं. त्याने तो वाचला, खिशातलं पेन काढलं आणि तिच्या सहीखाली आपलीही सही केली.

जागेवर आल्यावर तिने तो कागद लगेच सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला. मग पंपवाल्याचा नंबर शोधला. हा फोन दुसऱ्या कुणाला करायला सांगता आला असता, पण ते तिच्याच्याने झालं नसतं. त्याने उचलला तेव्हा तिने आपण कोण ते सांगितलं, दोन महिन्यांपूर्वी काय म्हटलं होतं तेही सांगितलं.

"चूक तुमची नव्हती," ती म्हणाली. "आमच्या डीबगरची होती. आणि तुम्ही सांगत असताना मी ऐकलं नाही, ती माझी."

मग तो बोलायला लागला. त्याने आपला प्रोग्राम सात वेळा पहिल्यापासून लिहिला होता. शेवटी त्याच्या वरिष्ठांनी थेंबांचा भाग त्याच्याकडून काढून दुसऱ्याला दिला होता, याच्या हाताला काहीतरी गडबड आहे म्हणून. घरी बायकोलाही तो म्हणाला होता की बहुतेक मला जमत नाही आता हे काम. हे सगळं तो रागाने सांगत नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

"मॅडम, हे लेखी मिळेल का?" त्याने विचारलं. "दाखवायला?"

"पाठवलंय," ती म्हणाली. "पाच मिनिटांपूर्वी. माझ्या सहीचं."

त्याने तिथल्या तिथे कागद उघडून वाचला असावा, कारण फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला की तुमच्या टेस्ट चांगल्या आहेत मॅडम, चालू ठेवा. ती खुर्चीत मागे टेकली. सोळा वर्षांत तिच्या कामाबद्दल इतकं मोठं शाबासकीचं वाक्य कुणी म्हटलं नव्हतं, आणि तेही ज्याला तिने खोटं पाडलं होतं त्याने. तिला आनंदही झाला, रडूही आलं आणि दोन्ही तिने जागेवर बसून मोकळेपणाने होऊ दिलं.

संध्याकाळी सासरे दारातच उभे होते. त्यांनी एकच विचारलं, किती? एक्केचाळीस, ती म्हणाली. रविवारी फिरायला गेल्यावर त्यांनी बागेतल्या बाकावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगितलं की आमच्या सूनबाईंनी एका दिवसात एक्केचाळीस नापास केले. कोण नापास झालं ते त्यांना सांगता येईना, पण आकडा ते ठासून सांगत होते, आणि पुढच्या फेरीत तो पन्नास झाला.

सोमवारी सकाळी मोजणीबाई दारात बसून चपला घालत होती. पिशवीत डाखकामाची पेटी होती, सहा बोर्ड जोडायचे होते. तेवढ्यात आत फोन वाजला. सासऱ्यांनी रिसीव्हर उचलला. पलीकडचा आवाज मोठा होता, तिला दारापर्यंत ऐकू आला.

"निरीक्षकसाहेब आहेत का?"

तिने मान वर करून पाहिलं तर ते तिच्याकडेच बघत होते, रिसीव्हर कानाला, पाठ ताठ.

"त्या आत्ताच ऑफिसला निघाल्यात," ते म्हणाले. "मी त्यांचा सासरा बोलतोय."